अडचणीचा दाखला

मोबाइल चक्कीच्या झाकणावर होता आणि चक्की चालू होती, त्यामुळे तो मेसेजनं थरथरला की चक्कीनं, हे दीपमालाला लगेच कळलं नाही. आचलच्या घरचा गहू पडत होता. गहू जरा ओलसर होता, पीठ गरम होऊन येत होतं, आणि पोळी व्हायच्या आधीच भाजल्यासारखा वास घरभर पसरला होता. तिनं बोट पदराला पुसून पडद्यावर फिरवलं तर पिठाचा एक पट्टा उमटला आणि पट्ट्याखाली इंग्रजी अक्षरं. बँकेचे मेसेज वाचायची तिची एक रीत होती. अक्षरं सोडून द्यायची, आकडा धरायचा, आणि पैसे आले की गेले एवढं पाहायचं. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं पुरतं, असं ती समजून होती. आकडा होता सहा हजार चारशे नव्वद. गेले होते. चक्की बंद करायला हवी होती, पण ती पिठाच्या तोंडाखाली हात धरून तशीच उभी राहिली. पीठ हातावर पडून हाताची उंची वाढवत होतं. पहिल्यांदा तिला वाटलं ते एवढंच, की हे दुसऱ्या कोणाचं पत्र आपल्या दारात टाकलं गेलंय. मग वाटलं, दुसऱ्या कोणाचं म्हणजे कोणाचं? आणि तिथं तिनं चक्की बंद केली, कारण खात्यातले पैसे खरंच दुसऱ्यांचे होते.

भिशी सोळा बायांची होती. दर महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी दीपमालाच्या घरी जमायचं, प्रत्येकीनं दोन हजार ठेवायचे, जिची पाळी तिनं उचलायचे. चहा, चिवडा, थोडी भांडणं. अकरा वर्षांत एक महिना चुकला नव्हता. लॉकडाऊनमध्ये पार्बताबाईनं वरच्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून पैसे सोडले होते आणि पिशवीत वर दोन लिंबं टाकली होती, का ते कोणालाच कळलं नाही. पैसे दीपमालाकडेच का, याचं कारण कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा पगारी होता. गल्लीत पहिला फ्रीज तिच्या घरी आला. आणि पैशाच्या बाबतीत तिचा चेहरा थंड राहायचा. पैसे स्टीलच्या डब्यात राहायचे, डबा तांदळाच्या कोठीत. या महिन्यात आचलनं टूम काढली. आचल म्हणजे शेजारच्या घरची नवी सून, भिशीतली सगळ्यांत लहान, बोटं भराभर चालणारी. ‘‘काकू, आता नोटा कोन मोजते? मी फोनवरच टाकून देतो.’’ तिचं पाहून आणखी आठ जणींनी टाकले. एका सकाळीत दीपमालाच्या खात्यात अठरा हजार जमले. त्या खात्यानं एवढा आकडा कधी पाहिला नव्हता. तिनं तो सकाळपासून चार वेळा उघडून पाहिला होता, आपल्या दाराशी पाहुण्यांच्या चपला मोजाव्यात तसा, आणि तिला उगाच बरं वाटलं होतं. आता त्याच चपलांतले तीन-चार जोड कोणी उचलून नेले होते, आणि पाहुणे अजून आत बसलेले.

या महिन्याची पाळी पार्बताबाईची. ही गोष्ट गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होती, कारण पार्बताबाईला कवळी बसवायची होती. सहासष्टाव्या वर्षी तिनं उरलेले पाच दात काढून घेतले होते, डॉक्टरनं गुलाबी मेणात तिच्या तोंडाचं माप घेतलं होतं, आणि मंगळवारी सगळे पैसे भरले की कवळी तोंडात. ‘‘मले भुट्टा खायाचा हाय, बाई,’’ ती प्रत्येकीला सांगत होती. ‘‘दाण्याचा नाही. दांड्यावरचा.’’ दात नसल्यानं तिचा प्रत्येक शब्द मऊ होऊन यायचा, शिवीसुद्धा.

बँक घरापासून वीस मिनिटांवर. दीपमाला पापण्यांवरचं पीठ तसंच घेऊन गेली आणि रांगेत उभी असताना तिला ते जाणवलं. डोळे मिटले की वरची पापणी खालच्या पापणीला किंचित चिकटायची. काउंटरवरची मुलगी तिच्या पोरीच्या वयाची असती, पोरगी असती तर. मुलीनं पडदा बराच वेळ पाहिला. ‘‘मावशी, हे थकलेले चार्जेस आहेत. तुमचं मँडेट अकरा वेळा रिटर्न झालं ना. आधी लागले नव्हते, आता वरून एकदम लागले.’’ मँडेट म्हणजे? तर चक्कीच्या कर्जाचा हप्ता. फायनान्स कंपनी तो बँकेतून परस्पर उचलते, आणि उचलायला आली तेव्हा अकरा वेळा खात्यात पैसे नव्हते. ‘‘कसे नव्हते?’’ दीपमालाचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ‘‘मी दर पाच तारखेले भरतो. साडेदहाले तुमचं शटर वर होते, पहिली मीच असतो. तुमच्या त्या वॉचमनले विचारा.’’ मुलीनं विचारलं नाही. ती हळू बोलली, आणि त्या हळू बोलण्यानं दीपमालाला जास्त लागलं. ‘‘मावशी, हप्ता पहाटेच उचलतात. तुम्ही साडेदहाला येता तोवर पाच तारीख होऊन गेलेली असते. मग ते परत दहा तारखेला येतात, तेव्हा पैसे असतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. पैसे चार तारखेलाच पाहिजेत.’’

पाच तारीख होऊन गेलेली असते. ती बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसली आणि हे वाक्य तोंडात इकडून तिकडे फिरवत राहिली. तिच्या माहितीत तारीख नळ येतात तेव्हा सुरू व्हायची आणि रात्रीची भांडी पालथी पडली की संपायची. दहा तारखेला देतो म्हणणारं माणूस दिवेलागणीला आलं तरी ते वेळेवरच आलेलं असतं. सकाळी सातला पैसे घेऊन दारात उभं राहिलं तर घरचे उलट घाबरतात, भांडण झालं का म्हणून. आणि खरं सांगायचं तर, पायरीवर बसल्या बसल्या तिला आठवलं, हप्त्याचे पैसे तिच्याकडे दर महिन्याच्या तीन तारखेला तयार असायचे. डब्यात. तीन तारखेला, चार तारखेला डबा उघडून ती ते पाहायची आणि झाकण लावायची. तारखेच्या आधी द्यायचे नाहीत, हे तिला तिच्या बापानं शिकवलं होतं. पुंजाजी अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि दुकानातून उधारीवर न्यायचा. पैसे खिशात असले तरी तारखेच्या आदल्या दिवशी त्या दुकानावरून जायचा नाही, वळसा घालून घरी यायचा. ‘‘आधी देल्लं तं त्याले वाटते आपुन भेलो. मांगून देल्लं तं वाटते आपुन बुडवलं. म्हनल्या दिवशी द्याचं, पाटलासारखं.’’ म्हटल्या दिवशी तो आंघोळ करून, टोपी घालून जायचा आणि ती बोट धरून सोबत. चाळीस वर्षांनी ती तेच करत होती. पाच तारखेला चांगलं पातळ नेसून, शटर वर व्हायची वाट पाहत. त्या आधी पाच-सहा तास, ती बंबात पाणी तापवत असताना, कोणीतरी येऊन तिचं नाव पुकारून, ती नाही असं लिहून, निघून गेलेलं असायचं. अकरा वेळा. प्रत्येक वेळी पाचशे नव्वद.

मुलीनं एक गोष्ट मात्र सांगितली होती. शाखेच्या हातात काही नाही, पण आर्थिक अडचण असेल तर चार्जेस परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज अकोल्याला, विभागीय कार्यालयात, प्रत्यक्ष. ‘‘आहे ना अडचण?’’ मुलीनं विचारलं होतं, आणि दीपमालानं न ऐकल्यासारखं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. बडनेरा गेलं. आहे का अडचण? नवरा, नागसेन, पगारावर होता ती प्रेस बंद पडून दुसरं वर्ष सुरू होतं. लग्नपत्रिका छापायची प्रेस. लोक आता फोनवर पत्रिका पाठवतात, तिच्यात गाणं वाजतं आणि नवरा-नवरी ढगातून खाली येतात, मग कागदाला कोण विचारतो. नागसेननं सव्वीस वर्षं लोकांच्या नावातल्या चुका काढल्या होत्या. आता तो अकोल्याच्या दालमिलमध्ये पोती मोजायचा, तिथेच खोलीवर राहायचा, शनिवारी यायचा. गल्लीत तिनं सांगितलं होतं, ह्यायची अकोल्याले बदली झाली. असं सांगायचं हे दोघांनी बसून ठरवलेलं नव्हतं. पार्बताबाईनं विचारलं, दिसत नाही नागसेन, आणि तिच्या तोंडातून बदली निघालं. एकदा निघालं आणि मग त्याला जागा होत गेली. चक्की तिनं त्यानंतर घेतली. वेळ जात नाही म्हणून घेतली, असं सांगितलं. पण अडचण हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. तंगी नाही, ओढाताण नाही. जमून राहिलं, असं ती म्हणायची, आणि नागसेन म्हणायचा, जमते. मूर्तिजापूर आलं तेव्हा तिला शाळेतला एक सकाळचा तास आठवला. एक जुने गुरुजी हजेरीनंतर म्हणायचे, नादारीवाले उभे राहा. फी माफ असलेली पोरं उठायची, गुरुजी बोटानं मोजायचे, आणि मोजून होईपर्यंत बसलेली पोरं उभ्यांकडे पाहत राहायची. एक दिवस ती उठली नाही. घरी बापाला सांगितलं तर मार पडेल असं वाटलं होतं. पुंजाजी म्हणाला, ‘‘बरं केलं. थे नादारी नाही, थो आपला हक्क हाय.’’ ते ऐकून तिला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी गुरुजींची मोजणी एकानं कमी भरली, त्यांनी पुन्हा मोजलं, आणि हक्क की नादारी हे ठरवायला कोणी थांबलं नाही. तिला उठावं लागलं. ती एकटीच होती, बाकीचे सगळे मोजून बसले होते.

विभागीय कार्यालयात पंखे जोरात होते आणि माणसं कमी. दारापाशी टेबल टाकून बसलेल्या खुशालरावांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं. ‘‘कठून आल्या ताई? अमरावतीहून? आन् या सहा हजारासाठी?’’ मग तिच्या पातळाकडे पाहून म्हणाले, ‘‘ताई, राग मानू नका, पन असं नेसून येत असतेत काय अर्ज द्याले?’’ तिनं निळं, जरीच्या काठाचं नेसलं होतं. बँकेत जायचं म्हणजे तिला हेच सुचायचं. त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. ‘‘हा भरा. खरं खरं भरा, पन जरा जोरात भरा.’’

जोरात म्हणजे कसं, हे तिला समजलं आणि तरी येईना. पहिला रकाना, अडचणीचे स्वरूप. एवढीच जागा होती, अर्धी ओळ, जणू अडचण त्यात मावेल एवढीच असते. तिनं लिहिलं, पतीचे काम बंद. खोडलं. पतीचे काम बदलले. त्यानं अडचण होत नव्हती. पुन्हा पहिलं लिहिलं, खाडाखोडीच्या वर, बारीक. खालचा रकाना, उत्पन्नाचे मुख्य साधन बंद झाल्याचा दिनांक. तो तिला माहीत नव्हता. शेवटी चौकट होती आणि चौकटीत दोन रेघा. ‘आम्ही अर्जदारास ओळखतो. वरील अडचण खरी असल्याचे आम्हांस माहीत आहे.’ दोन सह्या, त्याच शाखेचे खातेदार, नातेवाईक चालणार नाहीत.

‘‘हे कोनीही चालते का?’’ तिनं विचारलं.

‘‘कोनीही कसं चालीन? तुमची अडचण त्यायले माहीत पाहिजे ना.’’

खुशालरावांनी तिला आत साहेबांकडे नेलं. साहेब तरुण होते आणि खरोखर चांगले होते; त्यांनी पाणी मागवलं, कागद वाचला, खाडाखोड पाहून काही बोलले नाहीत. ‘‘होईल ताई. तारीख आणि सह्या तेवढ्या पूर्ण करून उद्या तुमच्या शाखेत द्या, नऊ तारखेपर्यंत पैसे जमा होतील. मी बोलून ठेवतो.’’ आणि ती उठताना हसून म्हणाले, ‘‘खरं सांगू? तुमच्याकडे बघून वाटत नाही हो अडचण आहे म्हणून.’’ ती जवळजवळ थँक्यू म्हणणार होती. जिना उतरताना अर्ध्यात थांबून तिनं ती चौकट पुन्हा वाचली. त्या शाखेतले खातेदार तिला माहीत होते. ते म्हणजे भिशीतल्या बाकीच्या पंधरा बाया. अकरा वर्षांपूर्वी ज्यांची खाती नव्हती त्यांना तिनंच हाताला धरून नेलं होतं, सही शिकवली होती. पार्बताबाईला तर भिंतीवर कोळशानं गिरवायला लावून. आता भिशीला कळू नये म्हणून जे पैसे परत आणायचे, ते आणायचे तर भिशीला सांगायला लागणार होतं. यात कोणाची लबाडी नव्हती. कोणी तरी शांतपणे बसून ठरवलेली ही रीत होती, चांगल्या हेतूनं, खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून.

दालमिलच्या फाटकाशी ती दुपारच्या सुट्टीत पोचली. नागसेन बाहेर आला तो भुवयांपर्यंत पिवळा. तुरीचा भुसा त्याच्या कानांत, शर्टाच्या शिवणीत. ती शनिवारी त्याला धुऊन आलेला पाहायची. असा पाहिला नव्हता. तिच्या मनात आलं, घरात दोघं, एक पांढरं एक पिवळं, आणि हसू येता येता राहिलं.

‘‘काहून आली वं? काय झालं?’’

भिंतीच्या सावलीत तो डबा उघडून बसला. तिनं सगळं सांगितलं. अकरा वेळा हे ऐकून तो घास हातात घेऊन थांबला. ‘‘माह्यापेक्षा बँक बरी कमावून राहिली,’’ म्हणाला. मग घास तोंडात घातला. त्याच्या डब्यात दोन पोळ्या आणि ठेचा होता. शनिवारी विचारलं की तो सांगायचा, खानावळीत वरण-भात भेटते, भाजी भेटते.

‘‘प्रेस कोन्त्या तारखेले बंद झाली?’’ तिनं विचारलं. ‘‘लिवा लागते.’’

‘‘बारा फेब्रुवारी,’’ तो लगेच म्हणाला. ‘‘चार वाजता. मशीन पुसून ठेवली मी.’’

ती त्याच्याकडे पाहत राहिली. ‘‘मले तं तू मार्च संपता संपता सांगतलं.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला, आणि डब्याच्या तळाशी काही शोधल्यासारखं करू लागला.

फेब्रुवारी ते मार्च. दीड महिना. त्या दीड महिन्यात तो रोज डबा घेऊन निघत होता आणि ती रोज डबा भरत होती, कधी पोळी जाड झाली म्हणून बोलणी खात होती. तो कुठं बसून खात होता तो डबा? हे विचारायचं आत्ता की कधीच नाही, असा एक क्षण होता आणि तो तिनं जाऊ दिला. ती फक्त म्हणाली, ‘‘सह्या भिशीच्या बायायच्या लागतीन.’’

‘‘मंग घे.’’

‘‘त्यायले सांगा लागीन.’’

‘‘त्यायले माहीत नाही का?’’

‘‘काय माहीत?’’

नागसेननं डब्याचं झाकण लावलं. ‘‘का दालमिलमदी बदली होत नसते म्हनून.’’ भोंगा झाला. तो उठला, तिच्या खांद्याला हात लावणार होता, पण निळ्या पातळाला पिवळं लागेल म्हणून हात मागे घेतला. ‘‘लिही,’’ म्हणाला. ‘‘खोटं हाय का?’’

परतीच्या एसटीत ऊन तिच्या बाजूला होतं आणि ती सरकली नाही. बोरगाव मंजूच्या थांब्यावर तिनं सीटला पाठ टेकवून एकेका बाईला समोर आणलं. यांना माहीत आहे, असं धरून पाहिलं तर मागच्या दोन वर्षांतली एकेक गोष्ट जागेवरून हलायला लागली. आचलच्या घरात तीन माणसं. तीन माणसांना आठवड्याला दहा किलो गहू कसा लागतो? पार्बताबाई दात नसताना ज्वारी दळायला का आणायची, आणि भाकर तर ती चहात बुडवून अर्धीच खाते. दळणाचे सुटे पैसे कोणीच परत का मागत नाही. तिला वाटत होतं चक्की चालली आहे. पीठ चांगलं निघतं, लोकांना हात आवडला. आता वाटलं, हे सगळं कोणी ठरवून केलं असेल का, दुपारी ओट्यावर बसून, ती नसताना. आणि दर दहा तारखेला तिच्या थंड चेहऱ्याकडे त्या काय समजून पाहत असतील. किंवा काहीच नसेल. आचलकडे पाहुणे येत असतील. कळून घ्यायची काही सोय नव्हती. माया आणि कीव दिसायला सारखीच असतात. दळणाचा डबा दोन्हींत तेवढाच जड.

पार्बताबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ऊन उतरलं होतं. दीपमालानं पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पैसे कापले गेले ते, पाच तारखेचं, प्रेसचं, दालमिलचं, पोती मोजण्याचं. बोलता बोलता तिला जाणवलं की आपण पुष्कळ जोरात भरतो आहोत, खुशालराव म्हणाले तसं, आणि ते सगळं खरं आहे. पार्बताबाईचे हात थांबले नाहीत. एक पाकळी, दुसरी पाकळी.

‘‘माह्या कवळीतले गेले म्हन ना,’’ ती शेवटी म्हणाली.

‘‘येतीन. नवापर्यंत येतीन. साहेबानं सांगतलं. तुमची सही लागते फक्त.’’

‘‘आन् हे तू आज सांगून राहिली. दोन वर्सानं.’’

‘‘तुमाले माहीत होतं?’’

‘‘मले दात नाहीत, डोये हायेत.’’ पार्बताबाईनं हात लुगड्याला पुसले. ‘‘कठी करू सही?’’

दीपमालानं रेघ दाखवली. पार्बताबाईनं कागद मांडीवर घेतला, मग मांडी हलते म्हणून ओट्यावर, मग पाट मागवून पाटावर. भिंतीवर गिरवून शिकलेली सही ती अजूनही भिंतीएवढीच करायची. रेघ संपली आणि बाईचं अर्धं नाव समासात गेलं. करताना तिची जीभ बाहेर आली होती. झाल्यावर तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. ‘‘काय लिवलं हाय वर? वाच.’’

‘‘आम्ही अर्जदारास ओळखतो. वरील अडचण खरी असल्याचे आम्हांस माहीत आहे.’’

‘‘अखीन वाच.’’

तिनं पुन्हा वाचलं. पार्बताबाईनं मान डोलावली, कागद परत दिला आणि लसणाची सुपली ओढून घेतली.

‘‘दुसरी सही आचलची घे,’’ ती म्हणाली. ‘‘आन् आयक. या महिन्याचे पैशे आचलपाशी जमा करू. फुडच्याबी महिन्यात तठीच. तुह्याजवळचे असतीन थेबी उद्या तिले देऊन टाक.’’

दीपमालाला पहिल्यांदा ते बँकेमुळे वाटलं. ‘‘आता नाही कापत ते. मी चार तारखेले भरीन.’’

‘‘बँकेचं नाही म्हनत मी.’’ पार्बताबाईचा आवाज चढला नव्हता. शब्द नेहमीसारखे मऊ होऊन येत होते. ‘‘कालपर्यंत मले माहीत होतं, पन थे मनात होतं. मनात असलं तं मानूस पाहून घेते. तुह्या घरी डबा ठेवाले माही काई ना नोती. आता मी सही केली ना बाई, का तुह्याजवळ पैसा नाही म्हनून. माह्या हातानं लिवून देल्लं. मंग मीच पंधरा जनीचा पैसा तुह्याजवळ कसा ठेवू? कोनी उद्या मले विचारलं तं?’’

दीपमालाला यात चूक सापडत नव्हती. ती शोधत होती, अगदी मनापासून, जशी ती दुसऱ्यांच्या हिशेबात शोधायची. पण हे कुठं हलत नव्हतं.

‘‘राग आला?’’

‘‘नाही.’’

‘‘येऊ दे. पन दहा तारखेले येजो. आचलच्या घरी बस्याले जागा हाय तुह्यापेक्षा.’’ पार्बताबाईनं एक पाकळी तिच्या हातावर ठेवली, का कोण जाणे, सोललेली, आणि पुन्हा सोलू लागली.

गल्ली ओलांडायला आठ पावलं. शाई अजून ओली होती म्हणून दीपमालानं कागद उघडाच धरला होता, दोन्ही हातांनी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वाचता आला असता. नळाला पाणी आलं होतं, बादल्या भरत होत्या, कोणीतरी तिला हाक मारून चक्की चालू आहे का विचारलं आणि ती हो म्हणाली. काल, सहा तारखेला, ती भिशीवाली होती. आज सात तारीख, आणि ती संपायला अजून बराच वेळ होता. मोठ्या, वाकड्या सहीच्या खाली दुसरी रेघ कोरी होती. तिनं आचलच्या दाराची कडी वाजवली.